गोपनीय सासरे

आमच्या हॉस्पिटलात मी प्रशासकीय अधिकारी आहे. हे पद ऐकायला भारदस्त वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच मी ते दर वेळी पूर्ण उच्चारतो. प्रत्यक्षात डॉक्टर करत नाहीत, नर्स करत नाहीत आणि सफाईवाले करायला साफ नकार देतात अशी जी कामं उरतात, ती सगळी प्रशासकीय असतात. नळ गळला, पंखा कुरकुरला, दोन पेशंटांचे नातेवाईक एका खुर्चीवरून हमरीतुमरीवर आले की मला बोलावतात. मी जातो, गंभीर चेहरा करतो, "बघतो" म्हणतो आणि प्लंबरला फोन करतो. खुर्चीच्या भांडणातही एकदा मी सवयीने प्लंबरलाच फोन केला होता.

त्यामुळे आमच्या मालकांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, एका सकाळी मला केबिनमध्ये बोलावून "बसा" म्हटलं तेव्हाच मी सावध झालो. मोठे डॉक्टर पेशंटलाही पटकन बसा म्हणत नाहीत.

"मानांकन समिती येतेय," ते म्हणाले. "त्यांना दोन गोष्टी दाखवायच्यात. एक, पेशंटची माहिती आपल्याकडून बाहेर फुटत नाही. दोन, कंप्यूटर बंद पडले तरी हॉस्पिटल बंद पडत नाही. या दोन्हीची योजना तुम्ही करा. फाइल जाड दिसली पाहिजे."

"डॉक्टर, पण हे कंप्यूटरवाल्याचं काम नाही का?"

"तो आठवड्यातून एकदा येतो आणि बंद करून चालू करा एवढंच सांगतो. त्याची फाइल किती जाड होणार?"

मी हो म्हणालो. एरवी मी काहीतरी निमित्त काढून सटकलो असतो, पण त्याच वेळी माझे सासरे ऑपरेशनसाठी आमच्या घरी मुक्कामाला येणार होते. सासरे लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या फायलींवर आक्षेप काढण्यात घालवलं, आणि निवृत्तीनंतर फायली मिळेनात म्हणून ते आता नातेवाइकांवर काढतात. लग्नाच्या बोलण्यांत मी माझं पद सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय करता?" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून देतोय. त्यांचा हर्निया वाढला होता, डॉक्टरांनी आता लांबवू नका म्हणून बजावलं होतं, आणि त्यांनी हट्टाने आमचंच हॉस्पिटल निवडलं. "ऑपरेशन कुठेही होईल," ते मुलीला फोनवर म्हणाले होते. "त्या निमित्ताने यांचं काम तरी बघता येईल." तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा तरी साहेबासारखं दिसायचं, एवढीच माझी माफक इच्छा होती.

आता गोपनीयतेच्या बाबतीत आमच्या हॉस्पिटलची मूळची स्थिती सांगायला हवी. आमच्या स्वागतकक्षातल्या बाईंना देवाने असा आवाज दिलाय की माइकची गरज पडत नाही. "मूळव्याध कोण आहे? आत चला," असं त्या पुकारत, आणि तुडुंब भरलेल्या हॉलमधून एक गृहस्थ मान खाली घालून निघत. बाकीचे सगळे त्यांच्या चालण्याकडे बघत. अशा हॉस्पिटलला मला समितीसमोर उभं करायचं होतं.

मी योजनेला घरी बसून सुरुवात केली, ही पहिली चूक. आमच्या इमारतीत कोणी एकट्याने विचार करत बसलेलं लोकांना बघवत नाही. खालच्या मजल्यावरचे बँकवाले काका वर्तमानपत्र मागायला आले आणि माझ्या कागदांवर बसले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "नावंच काढून टाका. आमच्या बँकेत टोकन असायचं. पैसे कोण घेऊन चाललाय ते शेजारच्याला कळायची सोय नव्हती. माणसाला नंबर द्या, नंबरानेच हाक मारा, नंबरानेच घरी पाठवा."

"पण नंबर कोणाचा, हे कुठेतरी लागेल ना?"

"ते कंप्यूटरला माहीत. माणसांना कशाला माहीत असायला हवं? माणसंच तर माहिती फोडतात."

हे मला फार पटलं. बँकवाल्या काकांचा आवाज असा आहे की त्यात सांगितलेली कोणतीही गोष्ट पटते.

वरच्या मजल्यावरचे इंजिनीअर जिन्यातच भेटले. ते पूल बांधतात, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळतं. "माहिती बाहेर जाते कुठून?" त्यांनी मला विचारलं. "पेन ड्राइव्ह लावायच्या भोकांतून. भोकंच बुजवा. खिडक्यांना लावतात ती लांबी भरून टाका. विषय संपला." मी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून हॉस्पिटलातल्या झाडून सगळ्या कंप्यूटरांच्या भोकांत लांबी भरून घेतली. वर पॉलिश करू का, असं सुताराने विचारलं. मी नको म्हणालो, तर तो जरा हिरमुसला.

तिसरा मुद्दा कॉपीचा. सगळ्या माहितीची एक कॉपी हॉस्पिटलच्या बाहेर, सुरक्षित जागी ठेवावी, असा समितीचा नियम होता. माझ्या ओळखीत सुरक्षित म्हणावी अशी एकच जागा आहे, ती म्हणजे बायकोचं कपाट. त्यातून लग्नापासून आजवर माझा एक रुमालही मला परस्पर काढता आलेला नाही. लांबी भरायच्या आधीच कंप्यूटरवाल्याकडून काढून घेतलेली डबीएवढी डिस्क मी तिच्या हवाली केली.

"हे काय आहे?"

"सगळ्या पेशंटांची माहिती. तुझ्या साड्यांखाली ठेव."

"माझ्या चांगल्या साड्यांखाली लोकांचे मूळव्याध कशाला?"

मी तिला समजावलं की योजनेत तिचा उल्लेख 'अधिकृत माहितीरक्षक' असा केलाय. त्यावर तिने डिस्क घेतली, पण जुन्या चादरींखाली ठेवली. किल्ली नेहमीप्रमाणे तिच्या पर्समध्ये गेली.

मग नियम लागू झाले. पेशंटच्या मनगटाला कंप्यूटरमधून निघालेल्या नंबराचा पट्टा, त्यावर नाव नाही, आजार नाही. भिंतीभिंतीवर मोठ्या अक्षरांत पाट्या: 'आपली माहिती कोणालाही सांगू नका. फक्त आपला नंबर लक्षात ठेवा.' पाट्यांचा मजकूर माझाच होता आणि तो लोकांनी फारच मनावर घेतला. फिजिशियन तणतणत माझ्याकडे आले. त्यांनी एका आजीबाईंना कुठे दुखतंय म्हणून विचारलं, तर आजीबाईंनी आधी ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र दाखवल्यावर म्हणाल्या, "फोटोत केस आहेत." दुसऱ्या दिवशी मी स्वतःचं ओळखपत्र घरी विसरलो. गेटवरच्या वॉचमनने मला अडवलं. मी म्हटलं, "अरे, मला ओळखत नाहीस?" तो म्हणाला, "ओळखतो साहेब, पण सांगता येत नाही." मी बायको ओळखपत्र आणेपर्यंत पार्किंगमध्ये उभा राहिलो, आणि येणारे-जाणारे डॉक्टर मला गाडी नीट लावायला सांगत राहिले.

हे सगळं होत असतानाच सासरे येऊन दाखल झाले. त्यांनी माझी योजना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. माझं कोणतंही लिखाण इतक्या लक्षपूर्वक कोणी वाचलेलं नव्हतं. वाचून झाल्यावर चष्मा पुसत ते म्हणाले, "समासाची जागा चांगली सोडलीय." ही स्तुती होती की त्यांना शेरे लिहायला जागा हवी होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

समितीने नेमका ऑपरेशनचाच दिवस निवडला. त्या दिवशी मॉक ड्रिल करून दाखवायचं होतं: मुद्दाम कंप्यूटर बंद करायचे आणि हॉस्पिटल कागदावर चालवायचं. मी ऑपरेशन पुढे ढकलू का म्हणून विचारलं. सासरे म्हणाले, "उलट बरं आहे. आम्हीही तपासणीला नेहमी गडबडीच्या दिवशीच जात असू."

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो आणि मनातलं बोललो. "बाबा, उद्या तालीम आहे. काही विचित्र वाटलं तरी ते तालमीतलं आहे असं समजा. कर्मचारी सांगतील तसं करा, मध्ये प्रश्न विचारू नका. समिती बघत असेल. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे, जावईबापू. तुमचा नियम तो माझा नियम."

सकाळी ते उपाशीपोटी दाखल झाले. कंप्यूटरने त्यांना सात नंबरचा पट्टा दिला. हिरवा झगा घालून ते हॉलमध्ये ताठ बसले आणि लगेच पाटी वाचायला लागले. बायको शेजारी होती. समिती आली. समितीत दोघं होते, एक बाई, ज्या बोलत, आणि एक गृहस्थ, जे लिहीत. मोठे डॉक्टर त्यांच्यामागे असे हसत उभे होते की मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. मी कोट घातला होता. मी शिट्टी वाजवली आणि कंप्यूटरवाल्याने सर्व्हर बंद केला. त्याच्या नोकरीतला हा एकच प्रसंग असा, की बंद केल्यावर चालू करा असं त्याला म्हणता येत नव्हतं.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता अधिकृत माहितीरक्षक बाहेरची कॉपी घेऊन येतील," मी म्हणालो आणि बायकोला खूण केली. ती वडिलांना सोडून जायला तयार नव्हती. सासऱ्यांनीच तिला डोळ्यांनी जा म्हटलं. ती पर्स घेऊन रिक्षात बसली. आणि तिच्याबरोबर, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही, अख्ख्या हॉस्पिटलात सासऱ्यांना चेहऱ्याने ओळखणारं, माझ्याखेरीज असलेलं, एकमेव माणूस बाहेर पडलं.

इकडे दारावर योजनेप्रमाणे हाताने पट्टे लिहायला सुरुवात झाली. नव्या पेशंटांना नवे नंबर. ते कितीपासून सुरू करायचे, हे योजनेत लिहिलेलं नव्हतं, म्हणून दारावरच्या माणसाने कोणीही शहाणा माणूस करेल तेच केलं, एकपासून सुरुवात केली. थोड्याच वेळात पायाचा घोटा मोडलेला एक तरुण लंगडत आला. त्याला पट्टा मिळाला सात नंबरचा.

मी त्या वेळी समितीला भिंतीवरच्या पाट्या दाखवत होतो. प्लॅस्टरवाला दारात येऊन म्हणाला, "सात नंबर." तरुण उठायला वेळ लावत होता. सासरे आयुष्यात कधी हाक आल्यावर बसून राहिलेले नाहीत. ते उठले, मनगट पुढे केलं, आणि आत गेले. पट्ट्यावर सात होता. सगळं नियमात होतं.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. दारावरून आलेल्या चिठ्ठीवर 'सात नंबर, पायाला प्लॅस्टर' एवढंच, एक्स-रे काढायचा तर कंप्यूटर बंद, आणि पेशंटला माहिती विचारायची बंदी. पण पाय दोन असतात, त्यामुळे प्लॅस्टरवाल्याला राहवेना. त्याने हळूच विचारलं, "कुठला पाय?"

सासरे म्हणाले, "तुमच्या नियमात बसेल तो."

त्याने डावा धरला. त्याला उजेड त्या बाजूने बरा येत होता.

मधेच समितीच्या बाईंनी आत डोकावून बघितलं. हिरव्या झग्यातले एक वयस्क गृहस्थ हूं की चूं न करता प्लॅस्टर घालून घेतायत, हे पाहून त्या भारावल्या. "पेशंटचं सहकार्य फारच छान आहे," त्या म्हणाल्या. समितीतल्या गृहस्थांनी लिहून घेतलं. मी मागून मान डोलावली. दारातून मला फक्त एक हिरवा झगा आणि पांढरा पाय दिसला.

त्याच सुमारास ऑपरेशनच्या तयारीचा न्हावी वस्तरा घेऊन हॉलमध्ये आला आणि म्हणाला, "सात नंबर." घोटा मोडलेल्या तरुणाने आनंदाने हात वर केला. न्हाव्याने त्याला पडद्याआड नेलं आणि कुठले केस काढायचेत ते सांगितलं. मोडक्या पायाने माणूस किती वेगाने पळू शकतो, हे त्या दिवशी आमच्या गेटवरच्या वॉचमनने पाहिलं. त्याने त्याला ओळखपत्रही विचारलं नाही.

बायको डिस्क घेऊन आली. मी ती समितीसमोर दोन्ही हातांनी धरली. "आता ही जोडली की सगळी माहिती परत," मी म्हणालो आणि कंप्यूटरमागे वाकलो. मग उठलोच नाही. सगळ्या भोकांत लांबी होती, आणि सुताराने काम इतकं मन लावून केलं होतं की कुठे भोक होतं तेही कळत नव्हतं. बाई पुढे आल्या, वाकल्या, बोटाने चाचपून बघितलं. मी डोळे मिटले.

"म्हणजे इथून काही बाहेरच काढता येणार नाही," बाई म्हणाल्या. "वा. हे कुठेच बघितलं नव्हतं."

"आतही घालता येत नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"तेच तर," बाई म्हणाल्या, आणि गृहस्थांनी ते लिहून घेतलं.

इतक्यात स्वागतकक्षाकडून बायकोचा आवाज आला. ती वडिलांना शोधत होती आणि आमच्या बाई तिला सांगत होत्या, "नातं सांगून चालणार नाही, नंबर सांगा." तिला नंबर माहीत नव्हता. "अहो, माझे वडील आहेत, हर्नियाचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. आमच्या बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. तेव्हा बायकोने कॉरिडॉरच्या मधोमध उभं राहून, हॉस्पिटलच्या सगळ्या योजना मोडीत काढत, हाक मारली, "बाबा."

प्लॅस्टरच्या खोलीतून उत्तर आलं, "इकडे आहे. ओरडू नकोस, गोपनीय आहे."

आम्ही दोघं धावलो. सासरे टेबलावर बसले होते. डावा पाय मांडीपर्यंत पांढराशुभ्र. बायकोने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या नजरेबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तपासणी चालू असताना कामात अडथळा आणायचा नसतो," ते म्हणाले. "चूक पुरी होऊ द्यायची. अर्धवट चुकीवर आक्षेप काढता येत नाही." मग म्हणाले, "आता खाल्लं तर चालेल का? सकाळपासून उपाशी आहे."

समिती खूश होऊन गेली. सर्व्हर चालू झाला आणि कागदावरच्या नोंदी कंप्यूटरमध्ये भरल्या गेल्या. प्लॅस्टरवाल्याने लिहिलं होतं, 'सात नंबर, काम झालं.' कंप्यूटरच्या मते सात नंबरचं काम म्हणजे हर्निया. त्याने ऑपरेशन यशस्वी झाल्याची नोंद केली आणि पेशंटला घरी सोडलं. ती नोंद दुरुस्त करायला गेलो, तर पडद्यावर सूचना आली की बंद झालेल्या नोंदीत फेरफार करता येणार नाही. हा नियम मीच घातला होता. त्याच्याखाली तीन रेघा ओढल्या होत्या.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं हसू एव्हाना जागेवर गेलं होतं. "रेकॉर्डवर ऑपरेशन झालंय," ते म्हणाले. "मानांकन हातात पडेपर्यंत तेच ऑपरेशन पुन्हा कसं करणार? कोणी विचारलं तर?"

"पण डॉक्टर, हर्निया अजून तिथेच आहे."

"असेल. आपल्याकडे तशी माहिती नाही."

प्लॅस्टर कापायलाही प्लॅस्टरवाला तयार होईना. सात नंबर घरी गेलेला, आणि घरी गेलेल्या पेशंटचं प्लॅस्टर त्याने कुठल्या नंबरावर कापायचं? शेवटी सासऱ्यांना आम्ही तसंच रिक्षात घातलं. पाय आत मावत नव्हता, म्हणून तो बाहेर ठेवून मी हाताने धरला. बायको पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि घर येईपर्यंत मागे वळली नाही.

तेव्हा सासरे हळू आवाजात म्हणाले, "आक्षेपाचं ते मी तिच्यासमोर म्हणालो. खरं ते नव्हतं."

"मग?"

"पहिली पट्टी गुंडाळली तेव्हाच मला कळलं, हे तालमीतलं नाही. पण त्या बाई दारात उभ्या होत्या, आणि मागे तुम्ही. कोट घालून. मी तोंड उघडलं असतं तर तुमचं काय राहिलं असतं?"

ज्या माणसासमोर मला साहेब दिसायचं होतं, तो माणूस माझं साहेबपण टिकावं म्हणून धडधाकट पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसला होता, तेही पोटात दुखणं तसंच ठेवून आणि उपाशी. मला फार लाज वाटली. मी त्यांचा पाय जरा जास्त घट्ट धरला. त्यांना ते कळलं असणं शक्य नव्हतं.

प्लॅस्टर शेवटी वरच्या मजल्यावरच्या इंजिनीअरांनी लाकडाच्या करवतीने कापलं. बँकवाले काका बाजूला उभं राहून सूचना देत होते.

यथावकाश मानांकन आलं. ते सोनेरी चौकटीत हॉलमध्ये लावलंय. गोपनीयता: उत्कृष्ट. कार्यसातत्य: उत्कृष्ट. पेशंटांचं सहकार्य: अनुकरणीय. मोठ्या डॉक्टरांनी भाषणात आभार मानले, ते सुताराचे आणि कंप्यूटरवाल्याचे.

सासऱ्यांना मात्र मानांकनाची वाट न बघता मी आधीच गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका जुन्या, कळकट हॉस्पिटलात नेलं. तिथे कंप्यूटर होता, पण त्याच्यावर वाळत घातलेले हातमोजे होते. हॉल खच्चून भरलेला. आम्ही बसतोय तोच आतून एक दणकट सिस्टर बाहेर आली. तिने हातातल्या कागदावरून सासऱ्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, सगळ्या हॉलला ऐकवलं, मग वय, आणि मग विचारलं, "उजवीकडचा हर्निया. कोण आहे तो?"

साऱ्या माना वळल्या. सासरे माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका समाधानी मी लग्नातही पाहिला नव्हता.

"मी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच सांगितलं, "जावईबापू, इथे आक्षेप नाही."